खोकला थांबला, जंतू नव्हे

आमच्या नात्यातल्या एका काकांनी क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांतच सोडल्या. खोकला थांबला होता आणि आपले बेट लहान, बातमी फुटेल ही घरच्यांना भीती! पुढे रोग उलटला, गोळ्या लागू पडेनात. सारे म्हणाले, "शरीराला औषधाची सवय झाली."

हे खरे नव्हे. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि रिफॅम्पिसिनसारखे औषध त्याला मारू शकत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, वाढतो, खोकल्यावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसातही जातो. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसले. रोगी आधी सुधारले, मग बहुतेकांचे जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनात. म्हणून आता साध्या क्षयाला सुरुवातीस चार औषधे एकत्र देतात. एकाला चुकलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. सुस्त पडलेले मात्र सावकाश मरतात, त्यासाठी सहसा सहा महिने.

मी काकांना दोष देत नाही. गोळ्यांची डबी कपाटामागे लपवावी लागली, तर सहा महिने कोण टिकेल? घरानेच आजाराचे नाव मोठ्याने घ्यावे.

दुसऱ्या खेपेस उपचार फार लांबला. तेव्हा काकू रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर बसत.