उशीखालची गोष्ट

मागील महिन्यात डहाणूस आमच्या एका आप्तांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. घर भरलेले, तीन पिढ्यांची माणसे एका पंक्तीस बसणारी. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरात एकाएकी स्तब्धता पसरली. कॉलेजात जाणाऱ्या नातवाच्या अंथरुणात रात्री उशिरापर्यंत मोबाईलचा उजेड दिसतो, एवढेच आजींना ठाऊक होते. तो काय वाचतो, हे त्या दिवशी त्याच्या वडिलांनी पाहिले. खून, पाठलाग आणि त्यांच्या जोडीस उघडा शृंगार, अशा दहा मिनिटांत संपणाऱ्या गोष्टी! "मोबाईल काढून घ्या," असा निवाडा झाला. मग मला मत विचारण्यात आले, आणि मी मोठ्या अडचणीत पडले.

कारण खरे सांगावयाचे तर, मीही एके काळी भूगोलाच्या पुस्तकाआड बाबूराव अर्नाळकर वाचले आहेत. ज्यांच्या टोपणनावात आपल्याच पालघर जिल्ह्यातील अर्नाळा गाव आहे, त्या बाबूरावांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजाराने आणि काळापहाडाने कित्येकांची झोप उडविली. त्या गोष्टी तशा सोवळ्याच. तरी आमच्या घरी त्या लपवूनच वाचाव्या लागत. शृंगाराचा वाद तर न्यायालयापर्यंत गेला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकास दंड केला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कथा एकच आणि निकाल दोन! मग घरच्या पंचायतीने एका सकाळीत निकाल कसा द्यावा?

ह्या गोष्टींची ओढ तरी कशात आहे? पहिली त्यांच्या आटोपशीरपणात. स्टेशनापासून स्टेशनापर्यंतच्या प्रवासात एक गोष्ट पुरी होते. दुसरी एकांतात. पुस्तकाचे मुखपृष्ठ चारचौघांस दिसे. मोबाईलवर काय चालले आहे हे शेजारच्यासही कळत नाही. परंतु खरे मर्म तिसरेच आहे. शृंगारास गुन्ह्याची जोड मिळाली की वाचकाचे मन निर्धास्त होते. निषिद्ध खोलीत तो चोरपावलांनी शिरतो, आणि शेवटी कोणास बेड्या पडल्या की स्वतः सज्जन म्हणून बाहेर येतो. मोहाची गोडी त्याच्या पदरात, शिक्षा मात्र दुसऱ्याच्या! तारुण्यात अशी ओढ वाटावी, ह्यात मला पाप दिसत नाही.

तरीही दुपारी त्या मुलास ओसरीवर बोलावून मी म्हटले, "एक गोष्ट मला सांग पाहू." तो लाजला; मग बरेचसे गाळून त्याने सांगितली. तलासरीजवळचा हमरस्ता, रात्रीचा ढाबा, गुजरातेकडे दारू नेणारा ट्रक, एक खून आणि त्या सगळ्यांच्या हाती सापडलेली एक वारली मुलगी. मी विचारले, "त्या मुलीचे नाव काय रे?" तो आठवू लागला. ढाबेवाल्याचे नाव आठवले, फौजदाराचे आठवले. "तिला नावच नव्हते वाटते, आत्या," तो हळूच म्हणाला.

मग मी त्यास त्याच मातीतली दुसरी हकीकत सांगितली. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली सावकाराचा 'लग्नगडी' होई. तो आणि त्याची बायको दोघेही राबत, आणि त्या बायकोवरही मालक आपला हक्क सांगे. गुन्हा आणि वासना दोन्ही तेथे होती. फक्त कोणास बेड्या पडत नव्हत्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगारीस नकार देण्याचा निर्धार त्यांनी केला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात हे सारे लिहिले आहे. विषय तोच, गाव तेच; पण ते वाचताना त्या स्त्रीकडे नुसते पाहावेसे वाटत नाही, तिचे दुःख आपल्याला दिसू लागते.

वाचकभगिनींनो, माझी कसोटी एवढीच आहे. गोष्टीत शृंगार किती, हे मोजीत बसू नये. त्यातील स्त्री माणूस आहे की केवळ आमिष, हे विचारावे. मोबाईल हिरावून घेतल्याने वाचन थांबत नाही, केवळ लपविण्याची जागा बदलते. मुलाजवळ बसून "तिचे नाव काय?" एवढे विचारण्यास मात्र थोडे धैर्य लागते, आणि ते आपल्याच अंगी आणावयाचे आहे.

त्या घरी मोबाईल मुलाकडेच राहिला. आजींची समजूत घालण्यास संध्याकाळ पुरली नाही, हेही सांगितले पाहिजे. परवा मुलाचा निरोप आला: "आत्या, पुस्तक निम्मे झाले. आता आजीही मागते आहे."