धोटा गेला, आडनाव राहिलं



कंपन्यांच्या भिंतींवर हल्ली एक गोड शब्द टांगलेला असतो : 'विविधता आणि समावेश'. पोस्टरावर सगळे हसतायत. मी विचारतो, यात महारवाड्यातली, मांगवाड्यातली पोरं किती? आणि कुठल्या खुर्चीवर?

शुक्रवार पेठेत बसून हे लिहितोय. आपलं सोलापूर गिरण्यांचं. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्यांचे भोंगे गप झाले. पण गिरणीनं दाखवलेलं विसरायचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणाई खात्यात मज्जाव होता. का? तर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यायचं. थुंकीचा विटाळ! आमच्या हातचं सूत चालायचं, आमचं तोंड नको. आणि जास्त पगार नेमका विणाईतच. धर्म कसा पगाराच्या पाकिटापर्यंत बरोबर पोचतो बघा.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी बजावलं, हे खातं आम्हाला खुलं करायची मागणी यादीत घाला, नाहीतर माझी माणसं संपात नाहीत. तेव्हा कुठं लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घातली. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नाही. म्हणजे गुन्हा झाला, गुन्हेगार कुणीच नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं त्यांनी पोर्टरचा दाखला दिला. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी राबावं लागायचं, म्हणून अस्पृश्याला पोर्टरकी नाही. त्यानं गँगमन होऊन रुळावरच मरायचं.

आज धोटा नाही, आडनाव आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, फरक फक्त नावात. २००७ साली निकाल छापला : दलित नावाला बोलावणी कमी. तिकडं अमेरिकेत सिएटल शहरानं २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्यानं बंदी घातली. आमची जात विमानानं गेली, आणि तिथल्यांना कळली! इथल्या मॅनेजरला मात्र ती दिसत नाही. तो 'मेरिट' बघतो.

बायका किती, अपंग किती, हे मोठ्या कंपन्या अहवालात छापतात. छापावंच. मग जात का नाही? खाजगी नोकरीत राखीव जागा नाहीत, तेव्हा निदान आकडे तरी उघडे करा. कुठल्या खात्यात कोण, किती पगारावर, बढती कुणाला.

आणि झाडूवाले, संडास धुणारे कंत्राटी कामगार वेगळे मोजा. त्यांना बेरजेत घालून विविधता दाखवू नका.