विश्लेषण : फिश टँकमधला थर्मामीटर खरे सांगतो का?

मासा मेला की संशय पाण्यावर, खाद्यावर किंवा मासे विकणाऱ्यावर जातो. काचेला चिकटवलेल्या थर्मामीटरवर सहसा जात नाही. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनसारख्या उष्ण-दमट किनाऱ्यावर तर ‘इथे कसला थर्मामीटर?’ असेच म्हटले जाते. पण उकाड्याच्या भागातच पाण्याच्या तापमानात चुकायला कमी वाव असतो.

दोन-तीन अंशांनी काय बिघडते?

पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अमोनियाचा विषारी अंशही उष्णतेबरोबर वाढतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर अनेक जण हीटर लावून पाणी ३० अंशांपर्यंत नेतात. थर्मामीटर तीन अंश कमी दाखवत असेल, तर ते पाणी प्रत्यक्षात ३३ अंशांवर असते. मग मासा रोगाने गेला की उपचाराने, हे कळायला मार्ग उरत नाही.

चूक येते कुठून?

काचेबाहेर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी पाण्याचे नव्हे, तर काचेचे तापमान दाखवते. पंखा, खिडकीतले ऊन, खोलीतली हवा या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. लाल द्रवाच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये आतली कागदी पट्टी सरकते किंवा द्रवाचा स्तंभ मध्येच तुटतो. डिजिटलवर २७.४ असा आकडा दिसला की विश्वास बसतो. पण दशांश दिसणे म्हणजे अचूक असणे नव्हे. दशांश दाखवणारे यंत्रही दोन अंशांनी चुकू शकते.

घरी तपासायचा कसा?

पहिली कसोटी बर्फाची. पेला चुरलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे आणि ढवळावे. थर्मामीटरचे टोक मधोमध, पेल्याला न टेकता, तीन-चार मिनिटे ठेवावे. आकडा शून्य यायला हवा. बर्फ आणि पाणी दोन्ही पिण्याच्या पाण्याचे असावे. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी मचूळ असते आणि मीठ असले की मिश्रण शून्याच्याही खाली जाते. मग चांगला थर्मामीटरही खोटा ठरतो.

दुसरी कसोटी कोमट पाण्याची, कारण शून्याला बरोबर असलेला थर्मामीटर वर चुकू शकतो. मगमध्ये साधारण ३७ अंशांचे पाणी घेऊन ढवळत राहावे. त्यात टँकचा थर्मामीटर आणि ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर शेजारी-शेजारी धरावेत. दुसऱ्याचे फक्त टोक बुडवावे. तो ‘बीप’ वाजवेल त्याच क्षणी दोन्ही आकडे वाचावेत. ९८.६ फॅरनहाइट म्हणजे ३७ सेल्सिअस.

दोन्ही वेळा फरक एकाच बाजूला आणि जवळपास सारखाच आला, तर ‘दीड अंश कमी दाखवतो’ अशी चिठ्ठी टँकवर लावून तोच वापरावा. फरक दर वेळी बदलत असेल, तर तो बदलावा. बर्फात किंवा कोमट पाण्यात न चालणारी पट्टी अशा तपासलेल्या थर्मामीटरशी सकाळी आणि दुपारी ताडून पाहावी.

अलिबागचा धडा कोणता?

मापनाची ही शिस्त रायगडला नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पण जुनी लगेच बंद झाली नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि त्यांतला फरक कळल्यावरच कुलाब्याचे काम थांबले. टँकसाठी दोन वर्षे लागत नाहीत. पण नवा थर्मामीटर जुन्याशेजारी आठवडाभर ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

मग एवढी काटेकोरता हवीच का?

तापमान सावकाश बदलले तर एखादा अंश इकडे-तिकडे झाल्याने बहुतेक मासे दगावत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण बदल सावकाश झाला की झपाट्याने, हेही थर्मामीटरच सांगणार. शिवाय घरातला टँक लहान. शेततळ्याचे पाणी तापायला आणि निवायला वेळ घेते. पन्नास लिटरची टाकी बंद खोलीत एका दुपारीत तापते.

माणसाचा ताप मोजणारे थर्मामीटर वैध मापनाच्या नियमांत येतात. फिश टँकसाठी तेवढा कायदा नको. पण पाकिटावर ‘किती अंश चुकू शकतो’ हे छापणे उत्पादकाला जड नाही आणि दुकानात एक तपासलेला थर्मामीटर ठेवून गिऱ्हाइकाला ताडून देणे विक्रेत्याला अवघड नाही. तोवर पेलाभर बर्फ आणि घरातला तापाचा थर्मामीटर एवढ्यावर काम भागते. औषधाची बाटली उघडण्याआधी ही दहा मिनिटे द्यावीत.