फीत यंत्राला, गुठळी हाताला

गेल्या आठवड्यात आणखी एका तालुक्याच्या गावी डायलिसिस केंद्राची फीत कापली गेली. फितींवरचा या स्तंभाचा राग वाचकांना नवा नाही, पण या वेळी तो जरा जास्त आहे. हार घातलेल्या यंत्रांशेजारी बाकावर एक रुग्ण बसून होता. डायलिसिससाठी त्याच्या हातात केलेला फिस्टुला बंद पडला होता. सकाळपासून हाताला थ्रिल, म्हणजे वाहत्या रक्ताची थरथर, लागत नव्हती. त्याला शहरात धाडलं, तिथे मानेत नळी टाकून त्या दिवसाचं डायलिसिस उरकलं. फिस्टुलाचं नंतर बघू!

यंत्राला वार्षिक देखभालीचा करार असतो. गजर वाजला की इंजिनिअरला फोन जातो. ज्या हातातून रक्त यंत्रात जातं, त्या हाताचा करार कुणी केलेला नाही. धमनीला शीर जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायलाच दीड-दोन महिने लागतात. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा दोन जाड सुया. जोडाजवळ शीर आकसते, गुठळी धरते. एकाच जागी टोचून फुगा येतो आणि वरची कातडी पातळ होऊन तो फुटला, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. कधी फिस्टुलाच इतकं रक्त ओढतो की बोटं गार पडतात.

दुरुस्ती मात्र आहे. गुठळी दिवस-दोन दिवसांत गाठली, तर फोगार्टी नावाच्या फुगेवाल्या नळीने ती ओढून काढता येते. मग आकसलेला भाग रुंदावायचा, नाहीतर जोड थोडा वर नव्याने करायचा. फुगलेली शीर कापून बेताची शिवता येते, शिंपी ढगळ सदरा आत घेतो तशी. यंत्राच्या मानाने सामान किरकोळ. हवा तो शिवणारा हात, आणि तोही वेळेवर.

शिवणाऱ्याला विसरायची खोड जुनीच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधून आलेल्या, या फिस्टुलावरच्या १९६६च्या मूळ लेखावर चार नावं होती: ब्रेशिया, सिमिनो, अ‍ॅपेल, हर्विच. टाके घातले सर्जन केनेथ अ‍ॅपेल यांनी. जगाच्या तोंडी राहिलं ते ‘ब्रेशिया-सिमिनो’. तिथेही फीत दुसऱ्याच कुणी कापली असणार, अशी या स्तंभाला दाट शंका आहे.

बाकावरच्या रुग्णाला सर्जनची तारीख मिळाली आहे, पुढच्या मंगळवारची. गुठळीला तसं कळवलं की नाही, कोण जाणे.