चार तासांचे गाव

मुंबईहून निघालेले आमचे जहाज कोचीच्या धक्क्याला एकच दिवस थांबणार होते. त्या दिवसाचे काय करायचे यावर आदल्या रात्री आम्हां तिघांत जी चर्चा झाली, ती अभ्यास मंडळाच्या बैठकीहून फारशी वेगळी नव्हती. तिघेही मराठीचे अधिव्याख्याते, तिघांची वये चाळिशीत, आणि तिघांनाही आपापले मत हेच विषयाचे सार आहे अशी खात्री. समोर जहाजाच्या सहल-कक्षातून आणलेले छापील पत्रक. त्यात ‘शोअर एक्सकर्शन’ या मथळ्याखाली तीन पर्याय होते : फोर्ट कोचीची शहरफेरी, आलप्पुळा येथील हाउसबोट आणि ‘नदी व खेडे’. चौथा पर्याय, अर्थात जहाजावरच लोळत पडण्याचा, छापलेला नसला तरी आमच्यापैकी एकाने तो आग्रहाने मांडला. असो.

प्रवासाचे पत्रक ही एक संहिता आहे, आणि ती कशी वाचावी हे आपल्यापैकी कोणी शिकवत नाही. ‘नदी व खेडे’ या पर्यायाखालच्या पाचसहा ओळींत ‘कालातीत’, ‘अस्पर्शित’ आणि ‘खरेखुरे’ ही तीन विशेषणे होती. गावाचे नाव मात्र नव्हते. नाव नसलेले खेडे खरेखुरे कसे असेल, हा आमचा पहिला आक्षेप. तो तुच्छतेने घेतला जात असतानाच जाणवले, की ग्रामीण साहित्याच्या तासाला ‘एक खेडे’, ‘एक बेरकी म्हातारा’ अशी भाषा आपणही बिनदिक्कत वापरतो.

अखेर आम्ही खेडेच निवडले. कारणे आधी व्यावहारिक होती. जहाज लागते ते विलिंग्डन बेटावर. हे बेट बंदरासाठी खोदलेल्या गाळाची भर घालून विसाव्या शतकात तयार झाले. तेथून आलप्पुळा पन्नासहून अधिक किलोमीटर दूर. जाण्यायेण्याचे तास वजा केले, की पाण्यावर राहायला वेळ उरतो तो जेवणापुरता. वैक्कमच्या बाजूचे खेडे त्या मानाने जवळ. स्वतंत्र टॅक्सी करून जाण्याचा विचारही झाला. पण जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. या एका नियमाने भलेभले स्वातंत्र्यवादी बसमध्ये बसतात. आम्हीही बसलो.

हाउसबोटीबद्दलचा आमचा आक्षेप मात्र केवळ अंतराचा नव्हता. हाउसबोट म्हणजे मूळची ‘केट्टुवळ्ळम’, बांधलेली नाव. तिच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याच्या दोरीने शिवत. भात आणि मसाले वाहून नेणारी ही मालवाहू नाव रस्ते झाल्यावर निकामी झाली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शयनगृहे लेवून पर्यटनाच्या कामी आली. त्यात गैर काही नाही. वस्तूलाही पोट भरावे लागते. पण तिच्या सज्ज्यातून काठ दिसतो तो वरून आणि दुरून. काठावर भांडी घासणारी बाई देखाव्याचा भाग होते, आणि तिला आपले तोंड नीटसे दिसत नाही. छोट्या नावेत बसले की डोळ्यांची पातळी काठाच्याही खाली जाते. वाकून बघायचे असेल, तर ते काठावरच्या माणसाने आपल्याकडे. निवेदनाचा दृष्टिबिंदू शिकवताना आपण फळ्यावर ज्या आकृत्या काढतो, त्यांतली एक तरी येथे अनुभवाला येते.

मुवाट्टुपुळा नदीच्या आसपासच्या अरुंद कालव्यांतून नावाडी लांब बांबू रोवीत आम्हांला नेत होता. दुतर्फा माड, परसात जायफळ आणि मिरी, माडाच्या खोडांचे साकव. मार्गदर्शक माडाचे उपयोग मोजून सांगत होता. ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते हे त्याने ‘निसर्गाची कृपा’ म्हणून सांगितले, तेव्हा मात्र आम्हांला राहवले नाही. इडुक्कीच्या धरणातले पेरियार नदीचे पाणी 1976 पासून मूलमट्टमच्या वीजगृहातून पडून याच नदीच्या खोऱ्यात येते. कोयनेचे पाणी वीज करून वासिष्ठीला मिळते, तसेच. एका नदीचे पाणी दुसरीत वाहते आहे, आणि पत्रकात ती ‘अस्पर्शित’ आहे. मार्गदर्शक हसून म्हणाला, “सर, धरणाचे कोणी विचारत नाही.” त्याला ते ठाऊक होते; फक्त सांगण्याच्या यादीत नव्हते.

ही यादी कोण करतो? आपण पाठ्यपुस्तकासाठी कादंबरीतला वेचा निवडतो तेव्हा असेच करतो. भांडण गाळतो, जातीचा उल्लेख सौम्य करतो, पावसाचे वर्णन ठेवतो. बस ज्या वैक्कमच्या वाटेने गेली, तेथे महादेव मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क मिळावा म्हणून 1924-25 साली सत्याग्रह झाला होता. महाडच्या चवदार तळ्याच्या तीन वर्षे आधी. गांधीजी तेथे आले होते, पेरियार रामस्वामींनी त्यात तुरुंगवास भोगला होता. बसमधल्या आम्ही सर्वांनी त्या परिसरातून जाताना शहाळ्याच्या पाण्यातील क्षारांविषयी ऐकले. अरुंधती रॉय यांच्या 1997 च्या कादंबरीत हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी कथकली आखूड केली जाते, त्याची आठवण आमच्यात एकाला झाली. ती त्याने मोठ्याने बोलून दाखवली आणि पुढच्या आसनावरच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले.

आता जे सांगायचे आहे ते आमच्यापैकी एकीचे आहे. ते लिहिण्यास तिची हरकत नाही, कारण या ‘आम्ही’त तीही आहे.

एका परसात काथ्या वळण्याचे प्रात्यक्षिक होते. एक बाई चाक फिरवते, दुसऱ्या दोघी कमरेला तंतूंचा बोचका बांधून मागे मागे चालत दोर सोडत जातात. आमच्या आधीचा गट निघाला तसे चाक थांबले होते; आम्ही वळणावर दिसलो तसे पुन्हा सुरू झाले. हे आम्ही तिघांनीही पाहिले आणि दोघांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण नजर टाकली. तिसरी पुढे गेली. तिने न विचारता तंतूंचा एक झुबका उचलला, मांडीवर तळहाताने दोन पेड वळले, उलटा पीळ दिला आणि हातभर सुंभ त्या बाईपुढे धरला. बाईने तो ओढून पाहिला, मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली आणि तिघी खदखदून हसल्या. मार्गदर्शकाने भाषांतर केले : “सैल आहे म्हणते.”

पंधरा वर्षे आम्ही एका विभागात आहोत. तिची आई वेंगुर्ल्याजवळच्या खाडीत कुजवलेली सोडणे कुटून सुंभ वळत असे, हे आम्हांला त्या परसात कळले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आम्ही कितीदा वाक्यात उपयोग करा म्हणून दिली असेल. परतीच्या नावेत ती म्हणाली, की कुजलेल्या सोडणांचा वास हाताला महिनाभर राहतो, आणि शाळेत त्या वासामुळे तिच्याशेजारी कोणी बसत नसे. येथे तो वास नव्हता, कारण हे तंतू तयार आणलेले होते. “वास असता तर मी आले नसते,” एवढे बोलून ती गप्प झाली.

तेव्हा ‘हे सारे नाटक आहे’ असा जो सुशिक्षित निष्कर्ष आम्ही दोघांनी त्या नजरेने काढला होता, तो घाईचा होता. नाटक होते, पण पीळ ओळखणाऱ्या नटी खऱ्या होत्या. चाक थांबवणे हा तर त्यांचा हक्कच. आपणही तपासणी समिती आली की वर्गात जरा उंच आवाजात शिकवतो.

म्हणून कोणी विचारले तर आम्ही ‘नदी व खेडे’च निवडा असे सांगू, पण त्या सहलीत गावाने स्वतःविषयी काय म्हटले आहे ते कोणी सांगणार नाही, हे धरून चालावे. ते आधी वाचावे लागते. वैक्कम मुहम्मद बशीर यांचे तलयोलपरंब याच नदीकाठी आहे. 1959 साली प्रसिद्ध झालेली त्यांची पात्तुम्माच्या शेळीची कादंबरी तिथल्याच घरात घडते. घर माणसांनी गच्च भरलेले, प्रत्येकाला पैसे हवेत, बायका भुकेल्या आणि चतुर, आणि शेळी लेखकाचीच पुस्तके खाऊन टाकते. त्या खेड्याला कालातीत म्हणण्याची सोयच नाही. पत्रकात बशीर यांचे नाव नव्हते. मार्गदर्शकाला मात्र आम्ही ते विचारताच त्याने हातातला माइक खाली ठेवला आणि शेळीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. धक्का येईपर्यंत ती संपली नाही. बसमधले निम्मे लोक झोपले होते.

तो हातभर सुंभ आता विभागाच्या कपाटाला कडी म्हणून बांधला आहे. अजून सुटलेला नाही.