फाईल घरी, सीटी दोनदा

मागील उन्हाळ्यात आमच्या काकांना मूतखड्याचा त्रास उद्भवला. अमरावतीत पोटाचा सीटी स्कॅन झाला. आठ दिवसांनी वेदना वाढल्या, म्हणून अकोल्यातील तज्ज्ञांकडे निघालो. मूर्तिजापूर मागे पडल्यावर ध्यानात आले, की फाईल आडतीच्या गादीवरच राहिली आहे. अकोल्यात पुन्हा सीटी काढला गेला. पहिली चित्रे समोर असती, तर कदाचित सोनोग्राफीवर भागले असते. तीत क्ष-किरण नसतातच. दुसऱ्या सीटीच्या खर्चाचे दुःख काकांनी महिनाभर सांगितले. शरीराने दुसऱ्यांदा सोसलेल्या किरणांविषयी मात्र आम्हांपैकी कोणीच बोलले नाही.

व्यापाऱ्याच्या घरात हा हिशेब तरी कळायला हवा. छातीच्या साध्या एक्स-रेमधून रुग्णाला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते. पोटाच्या नेहमीच्या सीटीत ती बहुधा ८ ते १० पर्यंत जाते. जमीन, हवा व आकाशातून माणसाला वर्षभरात मिळणारी नैसर्गिक मात्रा जगात सरासरी २.४ आहे. एका सीटीने कर्करोगाची शक्यता अगदी किंचित वाढते; म्हणून आवश्यक तपासणी भीतीपोटी टाळणे हा मोठा अविचार ठरेल.

क्ष-किरण यंत्र चालविणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, आणि ते योग्यच आहे. अपघातातील जखमीला आकडा पाहून कोण परत पाठवील? पण त्यामुळेच प्रत्येक वेळी ‘ही तपासणी खरोखर हवी का’ हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारावा लागतो, आणि तो आपणही नम्रपणे विचारावा. मूतखड्यासाठी कमी मात्रेचा सीटीही पुष्कळदा पुरतो. मुलांची मात्रा त्यांच्या शरीरमानानुसार कमी ठेवावी लागते. मुलाला धरून उभे राहणाऱ्याने शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा. सुनेला दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी तंत्रज्ञाला आधी सांगावे. यात संकोच कसला? एक्स-रे केंद्राला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आवश्यक असते, तीही विचारता येते.

काकूंनी आता सर्वांच्या फिल्म व सीडी तारीखवार लावून एका कापडी पिशवीत, रोजमेळाच्या कपाटातच ठेवल्या आहेत. काकांच्या दोन्ही सीटींच्या तारखा पिशवीवर ठळक लिहिल्या आहेत.