पाटल्या आणि प्रोसेसर

मराठीच्या प्राध्यापकाला कॉम्प्युटर कोणता घ्यावा हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या भाच्याने विचारले, कारण पैसे त्याच्या आईच्या पाटल्यांवर उचलायचे होते आणि 'मामा आल्याशिवाय पाटल्या काढणार नाही' असे ताईने बजावले होते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून निघालो, काचीगुड्याला उतरलो आणि मलकपेठला ताईच्या घरी पोचलो.

भाचा बालानगरच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइनमध्ये शिकला. ही संस्था 1968 सालची. आता बालानगरातच भाड्याच्या शेडमध्ये त्याचे हप्त्यावरचे सीएनसी मशीन आहे. डब्यांचे, झाकणांचे साचे करतो. साच्याचे चित्र काढून झाले की कटर कुठून कसा फिरेल तो मार्ग, म्हणजे टूलपाथ, कॉम्प्युटर काढून देतो. या कामाला कॅम म्हणतात. 1952 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये असे मशीन भोके पाडलेल्या पट्टीवर चालवून दाखवले होते. पट्टी गेली, वाट पाहणे काही गेले नाही! भाचा हे काम रात्री घरी करतो. मोठ्या साच्याला पाऊण तास लागे; चूक दिसली की पुन्हा पाऊण तास. सकाळी प्रोग्रॅम तयार नसला की तिकडे मशीन उभे, कारागीर उभा, हप्ता मात्र चालू.

एका दुकानदाराने त्याला कोटेशन दिले होते. सर्व्हरमधून काढलेला चोवीस कोअरचा प्रोसेसर आणि एक जंगी ग्राफिक्स कार्ड. निम्मे पैसे त्या कार्डाचेच. आकडे मोठे, म्हणून पोरगा खूष.

मी म्हटले, "आधी जुना कुठे अडतो ते तरी बघू." त्याने टूलपाथ लावला आणि टास्क मॅनेजर उघडला. पडद्यावर आठ चौकटी. एक काठोकाठ भरलेली, बाकीच्या सात जवळजवळ रिकाम्या. म्हणजे एक जण घाम गाळतोय आणि सात जण बिड्या ओढत बसलेत. ग्राफिक्स कार्डही निवांत. आठ जीबी मेमरी मात्र गच्च, आणि जागा पुरेना म्हणून हार्ड डिस्कची घरघर.

भाच्याने कारण सांगितले. आधीच्या फेरीनंतर किती धातू उरला हे कळल्याशिवाय कटरची पुढची फेरी ठरत नाही, म्हणून हे हिशेब वाटून देता येत नाहीत. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक भाकरी चौघींनी थापली म्हणून लवकर होते का रे?" माझ्या मते दुकानदारापेक्षा तिलाच जास्त कळत होते.

अर्थात अगदी कमी कोअरही नकोत. काही सॉफ्टवेअर वेगवेगळी ऑपरेशन्स एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर टाकतात. चार भाकऱ्या असतील तर चौघी हव्यातच. पण आधी बघायचा तो एकेका कोअरचा वेग. ग्राफिक्स कार्ड पडद्यावर साचा फिरवून बघायला लागते, त्याला मध्यम पुरते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. इथे सगळे त्याला सीटीसी म्हणतात. भाच्याने पेन ड्राइव्हवर आपलाच एक साचा घेतला होता. कमी कोअरचा पण वेगवान प्रोसेसर, 32 जीबी मेमरी (पुढे वाढवायला दोन खाचा मोकळ्या), एनव्हीएमई डिस्क, मध्यम कार्ड. कूलर मात्र चांगला घ्यायला लावला. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि हैदराबादचा मे महिना मी पाहिलेला आहे. जुळवलेल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरची ट्रायल प्रत टाकून तोच साचा लावला. दुकानदाराने चहा मागवला. पाऊण तासाचे काम चौदा मिनिटांत झाले. भाचा काही बोलला नाही, फक्त पुन्हा एकदा लावून बघितले. पुन्हा चौदा.

चारऐवजी दोनच पाटल्या गहाण पडल्या. निघताना यूपीएसची आठवण झाली. अर्ध्या टूलपाथवर वीज गेली तर सगळे पहिल्यापासून. ते पैसे मी दिले. अजून आलेले नाहीत, आणि ताईपुढे विषय काढायची माझी हिंमत नाही.